‘वस्त्रहरणा’चे राखणदार

‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक नव्या संचात उभं राहिलं की मालवणात त्याचे दोन प्रयोग होतात. पहिला नाट्यगृहात, तिकीट काढून. दुसरा भरड नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी, फुकट. दुसरा जास्त लांबतो, जास्त रंगतो, आणि त्यातले संवाद कित्येक वर्षांत एका अक्षराने बदललेले नाहीत. एक म्हणतो, ‘पयल्यासारखी मजा येवक नाय.’ दुसरा मान डोलावतो, ‘मच्छिंद्र कांबळीची सर कोणाक येवची नाय.’ तिसरा समजूतदार. तो म्हणतो, ‘पोरांनी मेहनत घेतल्यानी हा, पण ता काय ता नाय.’ आणि चौथा, ज्याने तिकीटच काढलेलं नसतं, तो सगळ्यांत मोठ्याने निकाल देतो, ‘माका आदीच म्हायत होता!’

या मंडळींना मी राखणदार म्हणतो. आमच्याकडे गावागावाला राखणदार असतो. रात्री काठी आपटत शिवेवरून फिरतो, गाव सांभाळतो, अशी श्रद्धा आहे. हे राखणदार एका नाटकाच्या शिवेवर बसलेत. गावचा राखणदार बाहेरची पीडा आत येऊ देत नाही. हे आतलं नवं काही बाहेर पडू देत नाहीत.

आडवळण न घेता सांगतो. नव्या संचातलं ‘वस्त्रहरण’ फिकं वाटत असेल, तर त्या फिकेपणात नटांचा वाटा थोडा आणि आपला मोठा आहे. आपण तिथे नाटक बघायला जातच नाही, हजेरी घ्यायला जातो. अमुक वाक्य आलं का, त्यानंतर तेवढाच थांबा घेतला का, नाटकातल्या तात्या सरपंचाने मान तशीच वळवली का. नटाने सगळं जुन्यासारखं केलं तर ‘नक्कल करता’. पदरचं काही घातलं तर ‘नाटकाची वाट लावल्यान’. ज्या परीक्षेत दोन्ही उत्तरांना शून्य गुण, ती घेणाऱ्याला नापास करण्याचीच हौस असते.

मला आठवतो तो असाच एक प्रयोग. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. रंगमंचावरचा नट तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर. हशा यायचा तो त्यांच्या बाजूने, आणि मग नटाला तेच वाक्य थंड झालेल्या सभागृहात म्हणावं लागायचं. मध्यंतरात हेच गृहस्थ वडा खाताना म्हणाले, ‘टायमिंग नाय रे पोरांक!’ टायमिंग असणार कुठून? ते तुम्ही आधीच खाऊन बसलात, वड्याच्याही अगोदर.

आता ज्या ‘पयल्या’चा एवढा उमाळा येतो, ते पहिलं होतं तरी काय ते बघू. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा नव्हता. तो रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे ज्या नाटकाला आपण जिल्ह्याची अस्मिता म्हणून मिरवतो, ते जिल्ह्याहून वयाने मोठं आहे. गवाणकरही सिंधुदुर्गातले नव्हेत, राजापूर तालुक्यातले. हे सांगितलं की राखणदार क्षणभर गप्प होतात आणि माशांच्या भावावर येतात. नाटकाचं आधीचं नाव होतं ‘आज काय नाटक होवचा नाय’. मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच झाले. आणि एवढं सगळं जमून आल्यावरही सुरुवातीला तिकीटखिडकीवर गर्दी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहिलं, मनापासून कौतुकाचं पत्र लिहिलं, ते जाहिरातीत झळकलं, आणि मग खिडकीपुढे रांग लागली.

याचा अर्थ कळतोय ना? मालवणी माणसाला मालवणी नाटक चांगलं आहे हे कळण्यासाठी पु. लं.चं प्रशस्तिपत्र लागलं. घरचा मुलगा हुशार आहे हे शेजाऱ्याने सांगितल्यावर आपण पेढे वाटले. आणि आज ज्याला विचारावं तो छाती पुढे काढून म्हणतो, ‘मी पयल्या प्रयोगाक होतंय!’ एवढे सगळे जर खरोखर तेव्हा खुर्चीवर असते, तर त्या पत्राची गरजच पडली नसती. पुढे नाटकाचे ५००० हून अधिक प्रयोग झाले, ते लंडनपर्यंत गेलं, हे सगळं खरं. पण सुवर्णकाळाच्या पहिल्या पानावर रिकाम्या खुर्च्या आहेत आणि त्या आपल्या आहेत, एवढं ध्यानात ठेवून मग नव्या पोरांना नावं ठेवावीत.

या सगळ्या भांडणातला खरा विनोद तर नाटकाच्या पोटातच आहे. ‘वस्त्रहरण’ कशाबद्दल आहे? गावातली हौशी मंडळी महाभारतातलं वस्त्रहरण रंगवायला निघतात. आधी तालीम, मग प्रयोग, आणि प्रयोगाची पुरती दैना. पाठांतर नसलेले नट, भलत्या वेळी भलतं बोलणारी पात्रं, सगळ्यांवर ओरडत गाडा हाकणारा सरपंच. म्हणजे हे नाटक फसलेल्या नाटकाचं नाटक आहे. ‘प्रयोग असाच व्हायला हवा’ या हट्टाची त्यात मनसोक्त टर उडवली आहे. आणि आमचे राखणदार त्याच नाटकाच्या प्रयोगाला जाऊन म्हणतात की प्रयोग जसा व्हायला हवा तसा झाला नाही! गवाणकरांनी आणखी एक पात्र लिहायचं सोडून दिलं होतं: पहिल्या रांगेत बसून नटांच्या चुका मोजणारा प्रेक्षक. ते पात्र आपण बिनमानधन उभं केलं.

मच्छिंद्र कांबळींचं मोठेपण मी कमी करत नाही. करण्याची माझी प्राज्ञा नाही. पण ते मोठे कशामुळे होते हे त्यांचे भक्तच विसरलेत. संहिता घोकून त्यांचा तात्या उभा राहिला नव्हता. समोर कोण बसलंय, कुठल्या गावात प्रयोग आहे, सकाळच्या पेपरात काय आलंय, उशिरा येणारा कोण आहे, यावर त्यांची जीभ चालायची. प्रयोगागणिक नाटक वाढत गेलं, आणि गवाणकरांच्या शब्दांना कांबळींचा मसाला लागत गेला. मग कॅसेट आली. एका रात्रीचा मसाला डब्यात बंद झाला आणि घराघरांत पोचला. गणपतीत कॅसेट, लग्नाच्या आदल्या रात्री कॅसेट, मुंबईहून येणाऱ्या गाडीत कॅसेट. एका रात्री सहज सुचलेली कोटी आमच्यासाठी वेदवाक्य झाली. जो माणूस रोज वेगळं बोलायचा, त्याची आठवण आपण रोज तेच ऐकून जागवली. आणि नवा नट आज सकाळच्या पेपरावर काही बोलला तर आपल्याला राग येतो की ‘ह्या नाटकात नाय’. नसणारच! त्या रात्री कांबळी जे बोलले तेही आदल्या रात्री नाटकात नव्हतं.

३० सप्टेंबर २००७ रोजी मच्छिंद्र कांबळी गेले. त्यांच्यानंतर संतोष मयेकरांनी तात्या सरपंचाची भूमिका केली. मधल्या काळात मराठीतले नावाजलेले चेहरे घेऊनही ‘वस्त्रहरण’ झालं. दर वेळी तोच निकाल. आता यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळत नाही. काही भूमिका नटाच्या अंगावर बेतलेल्या असतात, नट गेला की भूमिका जाते, असं म्हणणारे लोक मूर्ख नव्हेत. विनोदी भूमिकेला तर हे जास्तच लागू पडतं. दुःखाची लय शिकवता येते, विनोदाची लय अंगात असावी लागते. मान्य. पण मग पुढचं पाऊल टाका ना! ती भूमिका कांबळींबरोबर संपली असं तुम्हाला खरोखर वाटत असेल, तर प्रत्येक नव्या संचाला पहिल्या दिवशी तिकीट काढून का जाता? श्राद्धाचं जेवण जेवायचं आणि वाढणाऱ्याला म्हणायचं की मेलेला माणूस जास्त चांगलं वाढायचा, हा कुठला न्याय?

आणि मराठी रंगभूमीवर याच्या उलट दाखला ढळढळीत आहे. १९७० साली श्रीराम लागूंनी ‘नटसम्राट’मधला अप्पासाहेब बेलवलकर उभा केला. त्यांच्यानंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. प्रत्येकाचा बेलवलकर वेगळा. प्रेक्षक भांडले, कोणाचा थोर यावर तासन्‌तास भांडले. पण ते भांडण चार बेलवलकरांमधलं होतं. आमचं भांडण एक माणूस आणि त्याच्या सावलीतलं आहे, आणि निकाल आधीच लागलेला आहे. वारसाला वारस म्हणून उभंच राहू द्यायचं नाही, आणि वर ‘आता कोण रवला नाय’ म्हणून गळा काढायचा.

लांब कशाला, आपल्या पायाखाली बघा. सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळापुढे रात्रभर दशावतार उभा राहतो. लिखित संहिता नाही. आख्यान ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं, पायपेटी आणि मृदंग लागतात आणि संवाद जागच्या जागी जन्माला येतात. पूर्वरंगात संकासूर येतो, मालवणीत बोलतो आणि गावात काय चाललंय त्यावर तोंड टाकतो. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, चेंदवणकर ही कंपन्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आतले नट बदलत राहिले, या हंगामात या कंपनीत तर पुढच्या हंगामात दुसरीत. राजपार्टी म्हातारा होतो, त्याचा मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. प्रेक्षक तुलना करतात, नाकं मुरडतात, पण पहाटेपर्यंत बसतात, कारण आज रात्री हा राजा काय बोलेल हे त्यांना ठाऊक नसतं. तिथेही कुरकुर आहेच. ‘ट्रिकसीनयुक्त’ म्हणून जाहिरात केलेली नाटकं, धूर आणि दिव्यांचा झगमगाट, यावर जुने जाणते कडकडून बोलतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं असतं. पण ती टीका आज काय चाललंय यावर असते. १९८० सालच्या अमुक जत्रेतल्या अमुक राजाने अमुक वाक्य असं टाकलं होतं, म्हणून आजचा राजा रद्द, असं दशावताराचा प्रेक्षक म्हणत नाही. ज्या मातीत ही अक्कल रुजलेली आहे, त्याच मातीतले आपण नाट्यगृहाची पायरी चढलो की ती चपलांसोबत बाहेर काढून ठेवतो.

हा रोग फक्त आपला आहे असंही नाही. स्वीडनच्या ‘ॲबा’ या गाणाऱ्या चौकडीचा शेवटचा संग्रह १९८१ साली आला होता. चाळीस वर्षांनी, २०२१ साली, त्यांनी ‘व्हॉयेज’ नावाचा नवा संग्रह काढला. जगभरच्या चाहत्यांनी तेच केलं जे आपण भरडावर करतो: जुन्या गाण्यांची फूटपट्टी काढली आणि नवी गाणी मोजली. पुढल्या वर्षी लंडनमध्ये खास प्रेक्षागृह उभं राहिलं, आणि तिथे त्या चौघांच्या तरुणपणच्या संगणकी प्रतिमा गाऊ लागल्या. खरी माणसं जिवंत असताना लोक प्रकाशाच्या बाहुल्यांना टाळ्या देऊ लागले. कारण सरळ आहे. बाहुली म्हातारी होत नाही, नवं काही सुचलं असं म्हणत नाही आणि ठरल्या जागी ठरल्यासारखीच वळते. आमच्या राखणदारांना हा शोध अजून नीट कळलेला नाही, हे मालवणी रंगभूमीचं नशीब. कळला तर उद्या तात्या सरपंचाची प्रकाशबाहुली मागतील, आणि तिच्यातही खोट काढतील.

आपल्याकडे तर याचा जुना इतिहास आहे. बालगंधर्वांना त्यांच्या प्रेक्षकांनी शालूतून बाहेर पडूच दिलं नाही. साठी उलटल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. समोर बसलेले लोक डोळे मिटून जुना आवाज आठवायचे आणि घरी जाताना हळहळायचे. ते प्रेम होतंच. पण माणसाला म्हातारं व्हायची मुभा न देणारं प्रेमही असतं, आणि त्याची किंमत नट भरतो.

हेच छोट्या पडद्यावर बघा. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली तेव्हा कोकणाची बदनामी झाली म्हणून इथे ओरड झाली. पुढे तेच लोक मालिकेतला आकेरीचा वाडा पाहुण्यांना अभिमानाने दाखवू लागले. २०१९ साली दुसरं पर्व, २०२१ साली तिसरं. मालिकेतल्या अण्णा नाईकांना पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच मारलं, दुसऱ्यात मागच्या काळात नेऊन जिवंत केलं, तिसऱ्यात भूत करून उभं केलं. आणि तिसरं पर्व चालू असताना आपण काय म्हणत होतो? ‘पयल्यासारख्या नाय.’ मेलेल्या माणसाला दोनदा बोलावून घ्यायचं आणि दुसऱ्यांदा तो दमलेला दिसला की तक्रार करायची! दोष भुताचा की बोलावणाऱ्याचा?

म्हणून नाटकवाल्यांना मी सोडून देतो असं समजू नका. त्यांनाही त्यांचा हिशेब मिळायला हवा. मालवणी म्हणून जे विकलं जातं त्यात मालवणी किती असते? टीव्हीवर चेहरा चालतो म्हणून घेतलेला मुंबईचा नट चार शब्दांना ‘आसा’, ‘नसा’ चिकटवतो, दोन शिव्या घालतो, हेल काढतो आणि झाली मालवणी. त्याला वेंगुर्ल्याचा हेल आणि देवगडचा हेल यांत फरक आहे हे माहीत नसतं. मालवणी माणूस खवचट बोलताना आवाज चढवत नाही, उलट खाली आणतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तालमीला वेळ नाही, कारण दुपारी शूटिंग आहे. निर्मात्याला नव्या नाटकाची जोखीम नको, कारण जुन्या नावावर आगाऊ आरक्षण होतं. हे सगळं खरं आहे आणि संतापजनक आहे. पण व्यापारी तेच दुकानात मांडतो जे खपतं. ‘पुन्हा तेच’ या शब्दांवर आपण खिसा उघडतो, हे त्याने ओळखलंय. तो आपल्याला फसवत नाही. आपली आवड आपल्यालाच परत विकतो.

खरी टीका कशी असते, हेही आपण विसरत चाललो आहोत. ‘या नटाची मालवणी उसनी आहे’ ही टीका. ‘दुसऱ्या अंकात गोंधळ ठरवून घातलेला दिसतो, आपोआप झालेला वाटत नाही’ ही टीका, आणि मोलाची. ‘१९८० सालचा गावगाडा आज जसाच्या तसा दाखवून काय सांगायचंय?’ ही तर सगळ्यांत मोठी टीका, आणि हा प्रश्न मी आजवर एकाही राखणदाराच्या तोंडून ऐकला नाही. ‘मच्छिंद्र नाय’ ही टीका नव्हे. ती मृत्यूची नोंद आहे, आणि ती २००७ सालीच झालेली आहे.

तो मोठा प्रश्न जरा उलगडून बघा. तात्या सरपंच गावचा कारभार एकहाती हाकतो. १९९२ सालच्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदावर बायकांना आरक्षण मिळालं, २०११ साली महाराष्ट्रात ते ५० टक्क्यांवर गेलं. आज तात्याच्या खुर्चीवर तात्याची सून बसलेली असते आणि तात्या मागून खुणा करत असतो. किंवा सून तात्याच्या खुणांकडे ढुंकूनही बघत नाही. दोन्हींत केवढं मालवणी नाटक आहे! तिने गावचं नाटक बसवायला घेतलं तर द्रौपदीचा पार्ट कोण करील, आणि दुःशासन व्हायला कोण धजेल? लिहा की कोणीतरी!

विषयांचा काय दुष्काळ आहे का इथे? ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा थाटामाटात उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नौदल दिनाचा सोहळा, साक्षात पंतप्रधान, हेलिकॉप्टरं, रंगवलेले रस्ते, आणि नऊ महिन्यांच्या आत ही लाज. मग पाहणी दौरे, खुलासे, वाऱ्यावर ढकललेला दोष, एकमेकांकडे दाखवलेली बोटं. शेजारी सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षं त्याच वाऱ्यात उभा. पुढे त्याच जागी आणखी उंच पुतळा उभा राहिला. उत्सव घडवायला निघालेली मंडळी आणि त्यांची उडालेली दैना, याहून जास्त ‘वस्त्रहरणी’ विषय कुठला? महाराजांचा मान राखून, कंत्राट आणि पुढारपण यांची सालं काढणारं एक फर्मास मालवणी नाटक मालवणातच लिहिलं जायला हवं होतं. चिपीला २०२१ साली विमानतळ झाला. विमान आज आहे का हे विचारून मगच बॅग भरायची, हा वेगळा फार्स. किनाऱ्यावर पर्ससीनवाले आणि रापणकार मच्छीमार यांचं वैर, तारकर्लीच्या पाण्यात डुबक्या मारायला आलेले पर्यटक, बंद घरांच्या कुलपांवरून भावाभावांतले खटले. हे सगळं भरडावर रोज बोललं जातं, आणि काय बोललं जातं! त्या गजालींत जी धार आहे तिच्या निम्मी जरी रंगमंचावर आली तरी पुरे. पण तिथे आपल्याला १९८०च हवं.

लिहिणारे नाहीत असं म्हणू नका. कुडाळात बाबा वर्दम थिएटर्स आहे, कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, एकांकिका स्पर्धा होतात, राज्य नाट्य स्पर्धेसाठी हौशी मंडळी नोकरी सांभाळून रात्री तालमी करतात. त्यांच्या प्रयोगांना प्रेक्षक कोण? नटांचे नातेवाईक आणि परीक्षक. राखणदार तेव्हा घरी असतात. ‘नवीन काय असतला त्येच्यात?’ म्हणून. नवीन असणार म्हणूनच तर जायचं असतं, महाराजा!

आणि ज्या भद्रकाली प्रॉडक्शन्सचं नाव मच्छिंद्र कांबळींशी जोडलेलं आहे, त्याच संस्थेने २०१७ साली काय केलं ते बघा. प्राजक्त देशमुख या तरुण लेखकाचं ‘संगीत देवबाभळी’ रंगमंचावर आणलं. तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, दोनच बायका. ना तात्या, ना शिव्या, ना मालवणी. नाटक उचललं गेलं, त्याच्या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. म्हणजे नवं काही करण्याची हिंमत त्या घरात आहे आणि नव्याला दाद देणारा प्रेक्षकही महाराष्ट्रात आहे. पण त्या घराच्या दारात मालवणी माणूस गेला की तो फक्त एकाच जुन्या पेटाऱ्याकडे बोट दाखवतो.

आपण स्वतःला नाटकवेडे म्हणवतो. या जिल्ह्याने आरवलीचे जयवंत दळवी दिले, ज्यांनी ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’, ‘महासागर’ लिहिली. चिं. त्र्यं. खानोलकर दिले, ज्यांनी ‘एक शून्य बाजीराव’ लिहिलं. त्यांच्या नाटकांवरून भरडावर कधी दोन घटका वाद झाला? दळवींचा बॅरिस्टर अमुकाने बरा केला की तमुकाने, यावर चहा थंड झाला? नाही. कारण त्यात आपली बोली ऐकून गुदगुल्या होण्याची सोय नाही. आपल्याला नाटकाचं वेड नाही. आपल्याला मुंबईच्या लोकांसमोर ‘ही आमची भाषा’ म्हणून हसवून घेण्याचं वेड आहे. कांबळींनी ती भाषा व्यावसायिक रंगमंचावर ताठ मानेने उभी केली, हे त्यांचं खरं काम. ती भाषा फक्त हसण्यासाठी असते, अशी समजूत करून घेऊन आपण ती पुन्हा वाकवली.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ‘वस्त्रहरण’ पुन्हा आलं तर ते आजचं नाटक म्हणून बघा, आजच्या नटाला आजच्या मापाने मोजा, आणि वाईट झालं असेल तर का वाईट ते सांगा. हे जमत नसेल तर घरी बसून जुनी ध्वनिफीत लावा. तीत काहीच बदलणार नाही आणि तुमचाही जीव सुखात राहील. आणि वर्षातून दोनदा तरी अशा मालवणी नाटकाला जा ज्याचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही, ज्यातला एकही नट टीव्हीवर नाही, ज्यातलं पुढचं वाक्य तुम्हाला पाठ नाही. ते भिकार निघालं तर सोडू नका. फाडून खा. आपल्या बोलीत त्यासाठी लागणारा दारूगोळा भरपूर आहे, आणि नवा लेखक त्यातून काही शिकेल तरी. फक्त एकच अट: मालवणी शिवी भारी चीज आहे, ती नाटक न बघता फुकट वाटायची नसते. शिवी द्यायची तर तिकीट काढून द्या.